पुढचा सिनेमा कोणता?

१९९०च्या दशकात अमेरिकेत ‘फिल्म स्कोअर मंथली’ नावाचं एक छोटं मासिक निघत असे. ल्यूकस केंडल या मुलानं शाळेत असतानाच, १९९० मध्ये, एका साध्या पत्रकापासून त्याची सुरुवात केली होती. त्यात परीक्षणं असत, मुलाखती असत, वाचकांची कडाक्याची भांडणंही असत. पण मुरलेला चाहता आधी वळे तो एका कोरड्या यादीकडे. डावीकडे संगीतकाराचं नाव आणि त्याच्यापुढे त्यानं हाती घेतलेल्या आगामी चित्रपटांची नावं. शेरा नाही, विशेषण नाही. एखाद्या नावापुढे चार चित्रपट, एखाद्यापुढे एकच, आणि एखादं नाव यादीतून चक्क गायब. या यादीवर तासन् तास बोलता येतं, हे बाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड आहे.

अवघड अशासाठी की आपल्याकडे संगीतकार म्हटलं की गाणी आठवतात. नव्या चित्रपटात किती गाणी आहेत, कोण गाणार आहे, ही आपली चौकशी. या चाहत्यांना गाण्यांशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांचं प्रेम पार्श्वसंगीतावर, त्यांच्या भाषेत ‘स्कोअर’वर : वाद्यवृंदासाठी चित्रपटाच्या मापानं लिहिलेलं अर्ध्यापाऊण तासाचं, कधी दीड तासाचं संगीत. आपल्याकडेही असे कानसेन तयार होऊ शकले असते. ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) या बिनगाण्यांच्या चित्रपटांना सलील चौधरींचं संगीत होतं, आणि गुलजारांच्या ‘अचानक’ला (१९७३) आपल्या कुडाळच्या मातीतले वसंत देसाई होते. पण तबकडीवर विकायला गाणंच नसल्यामुळे हे काम रसिकांच्या घरात पोचलंच नाही. हॉलिवूडमध्ये ते पोचलं. मग एका संगीतकाराचे चाळीस-पन्नास स्कोअर घरात जमवणारा माणूस साहजिकच विचारू लागला : याचा पुढचा सिनेमा कोणता?

या प्रश्नामागचं सगळं राजकारण, अर्थकारण आणि दुखणी समजून घ्यायची असतील तर जेरी गोल्डस्मिथपेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९२९ साली जन्मलेला आणि तिथेच वाढलेला हा माणूस. पियानो शिकला याकोब गिंपेल यांच्याकडे, रचना शिकला मारिओ कास्तेलनुओवो-तेदेस्को यांच्याकडे, आणि ‘बेन-हर’चे मिक्लोश रोझा विद्यापीठात शिकवत त्या वर्गालाही जाऊन बसला. १९५० मध्ये सीबीएसमध्ये तो शिरला तो टंकलेखक म्हणून. तिथून रेडिओ, मग थेट प्रक्षेपणाचं दूरचित्रवाणी नाटक. दर आठवड्याला नवं नाटक, नवं संगीत, आणि चूक झाली तर दुरुस्तीची सोय नाही. ही तालीम त्याला पुढे जन्मभर पुरली. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’, ‘पॅटन’, ‘पॅपियाँ’, ‘द ओमेन’, ‘पोल्टरगाइस्ट’, ‘फर्स्ट ब्लड’, ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ अशी ही रांग आहे. ऑस्करची नामांकनं १८, ऑस्कर एकच, ‘द ओमेन’साठी. या आकड्यांवर त्याचे चाहते अजून चिडलेले असतात.

आता यादी वाचायची कशी ते पाहू.

पहिली गोष्ट दिग्दर्शक. चित्रपटाच्या नावापेक्षा चाहते दिग्दर्शकाचं नाव आधी बघतात, कारण हॉलिवूडमध्ये जोड्या जमतात आणि टिकतात. फ्रँकलिन शाफ्नरनं चित्रपट काढला की गोल्डस्मिथ असणार, असं जवळजवळ धरूनच चालत. जो डांटेच्या बाबतीतही तसंच, आणि पॉल व्हरहूव्हनशीही त्याची जोडी जमली. स्पीलबर्ग आणि जॉन विल्यम्स ही जोडी तर इतकी पक्की की ती मोडते तेव्हाच बातमी होते. २०१८ च्या ‘रेडी प्लेअर वन’ला अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत आहे, कारण त्याच सुमारास स्पीलबर्गनं ‘द पोस्ट’ही काढला आणि विल्यम्स तिकडे गुंतले. म्हणजे ‘का नाही’ याचं उत्तर पुष्कळदा रुसव्यात नसून वेळापत्रकात असतं. २००५ मध्ये एकट्या विल्यम्सच्या नावावर ‘स्टार वॉर्स’चा भाग, ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’ आणि ‘म्युनिक’ असे चार चित्रपट होते. त्या वर्षीचा हॅरी पॉटर पॅट्रिक डॉयलकडे गेला यात मग नवल काय?

दुसरी गोष्ट वेळ, आणि इथेच या धंद्याची मेख आहे. चित्रपटाचं संगीत सगळ्यात शेवटी होतं. चित्रीकरण संपतं, संकलन होतं, मग दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून संगीत कुठे सुरू होणार नि कुठे थांबणार ते ठरवतात. त्याला स्पॉटिंग म्हणतात. त्यानंतर लिहायला मिळतात फार तर सहा-आठ आठवडे. नव्या इमारतीत ताबा द्यायची तारीख ठरलेली असते. गवंडी, सुतार, नळवाला सगळे आपापले दिवस लांबवतात आणि त्याची भरपाई रंगाऱ्याच्या दिवसांतून होते. संगीतकार हा तो रंगारी. ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ ७ डिसेंबर १९७९ला लागणार हे आधीच जाहीर झालं होतं, आणि दृश्यकरामतींची कामं अखेरपर्यंत लोंबकळत राहिली. त्यात गोल्डस्मिथनं लिहिलेले सुरुवातीचे तुकडे दिग्दर्शक रॉबर्ट वाइजना पसंत पडले नाहीत. संगीत चांगलं आहे, पण लक्षात राहील अशी धूनच त्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. नाराज होऊन का होईना, गोल्डस्मिथ पुन्हा बसला आणि त्यातून निघाली ती धून पुढे १९८७ पासून दूरचित्रवाणीवरच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेचं शीर्षकसंगीत झाली. वाइज अडून बसले नसते तर ती जन्मलीच नसती. दिग्दर्शकाची ढवळाढवळ म्हणजे कलेचा खून, असं मानणाऱ्या चाहत्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

वेळेचा विषय निघाला की ‘चायनाटाउन’ येतोच. १९७४ चा हा चित्रपट रोमन पोलान्स्कीचा, निर्माता रॉबर्ट इव्हान्स. त्याचं संगीत फिलिप लँब्रो यांनी लिहून, वाजवून, ध्वनिमुद्रित करून दिलं होतं. प्रदर्शन तोंडावर आलं असताना ते बाजूला ठेवलं गेलं आणि गोल्डस्मिथला बोलावणं गेलं. हाताशी दिवस दहा. एवढ्या वेळात शंभर वादकांचं काही भव्य लिहिणं शक्य नव्हतं, आणि चित्रपटालाही त्याची गरज नव्हती. गोल्डस्मिथनं वाद्यं निवडली ती अशी : चार पियानो, चार हार्प, दोन तालवादक, तंतुवाद्यं आणि एकच ट्रंपेट. १९३०च्या दशकातल्या लॉस एंजेलिसची कथा असूनही त्यानं त्या काळच्या नाचगाण्यांची नक्कल केली नाही. पियानोच्या पट्ट्या सोडून आतल्या तारांवरच वाजवायला लावलं, त्यामुळे उन्हात तडकलेल्या जमिनीसारखा एक कोरडा, अस्वस्थ आवाज खाली चालू राहतो आणि वर यूअन रेसीचा ट्रंपेट एकटाच गातो. पाण्याच्या चोरीची कथा आहे, आणि संगीतात ओल म्हणून नाही. सगळं मिळून अर्ध्या तासाहूनही कमी. २००५ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं सर्वोत्तम २५ स्कोअर निवडले तेव्हा हे दहा दिवसांचं काम नवव्या क्रमांकावर आलं.

लँब्रोंचं काय झालं? त्यांच्या संगीताचे तुकडे चित्रपटाच्या जाहिरातपटात राहून गेले. म्हणजे लोकांनी जाहिरातीत एकाचं संगीत ऐकलं आणि थिएटरात दुसऱ्याचं.

अशा नाकारलेल्या संगीताला चाहत्यांच्या जगात वेगळंच वलय असतं. यादीत नाव छापलं गेलं म्हणजे काम झालं असं नाही, संगीत ध्वनिमुद्रित झालं तरी ते पडद्यावर येईलच असं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून पुढच्या चित्रपटाच्या चर्चेत आनंदाबरोबर धाकधूकही असते. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थनं लिहिलेलं संगीत कुब्रिकनं वापरलं नाही, तात्पुरत्या म्हणून लावलेल्या अभिजात रचनाच त्यानं कायम ठेवल्या. ‘टॉर्न कर्टन’वरून हिचकॉक आणि बर्नार्ड हर्मन यांचं कायमचं बिनसलं. २००५ मध्ये ‘किंग काँग’ डिसेंबरात लागायचा होता आणि ऑक्टोबरात हॉवर्ड शोअरच्या जागी जेम्स न्यूटन हॉवर्ड आला. ‘रोग वन’ला मायकेल जियाकिनोला जेमतेम साडेचार आठवडे मिळाले.

गोल्डस्मिथची गंमत अशी की तो या खेळात दोन्ही बाजूंनी खेळला. १९९७ मध्ये ‘एअर फोर्स वन’साठी रँडी न्यूमनचं संगीत बाद झालं आणि हा अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ जोएल मॅकनीलीला मदतीला घेऊन बारा दिवसांत नवं लिहून मोकळा झाला. त्याच वर्षी त्याचे ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ आणि ‘द एज’ आले, आणि युनिव्हर्सल कंपनीच्या पृथ्वीगोलावर वाजणारी नवी सलामीही त्यानंच लिहिली. ही सलामी पहिल्यांदा वाजली ती ‘द लॉस्ट वर्ल्ड’च्या आधी. म्हणजे विल्यम्सचा चित्रपट सुरू झाला तो गोल्डस्मिथच्या तुतारीनं, आणि दोन्ही गटांच्या चाहत्यांना एकमेकांना टोमणे मारायला आयतंच निमित्त मिळालं.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मोठा आहे. ‘एलियन’च्या संकलनावेळी तात्पुरतं म्हणून गोल्डस्मिथच्याच जुन्या ‘फ्रॉइड’ या चित्रपटाचं संगीत लावलं होतं. तात्पुरतं संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक, हा या धंद्यातला खरा खलनायक. महिनोन् महिने तेच ऐकून दिग्दर्शकाच्या कानात ते इतकं बसतं की नवं काहीही आलं तरी खटकतं. रिडली स्कॉटनं गोल्डस्मिथचे नवे तुकडे कापून काही ठिकाणी ‘फ्रॉइड’चेच ठेवले, आणि शेवटच्या श्रेयनामावलीला हॉवर्ड हॅन्सनची सिंफनी लावली. स्वतःच्याच सतरा वर्षांपूर्वीच्या संगीताकडून हरण्याची वेळ फार थोड्यांवर येत असेल. त्याच स्कॉटच्या ‘लेजंड’साठी गोल्डस्मिथनं वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन मोठं काम केलं. ते युरोपात १९८५ मध्ये ऐकू आलं. अमेरिकेतल्या आवृत्तीत मात्र स्टुडिओनं ते काढून टँजरीन ड्रीम या जर्मन गटाचं इलेक्ट्रॉनिक संगीत घातलं. अमेरिकन प्रेक्षकाला गोल्डस्मिथसह पूर्ण चित्रपट मिळाला तो २००२ च्या डीव्हीडीवर.

आणि अ‍ॅलेक्स नॉर्थच्या त्या नाकारलेल्या ‘२००१’चं काय झालं? नॉर्थ १९९१ मध्ये वारले. दोन वर्षांनी लंडनच्या नॅशनल फिलहार्मोनिककडून ते संगीत पुन्हा वाजवून घेतलं गेलं, आणि समोर उभं राहून ते चालवलं गोल्डस्मिथनं. ज्यानं हे दुखणं दोन्हीकडून पाहिलं होतं, त्यानंच ते करावं हे योग्यच होतं.

तिसरी गोष्ट नवख्याला विचित्र वाटेल. चित्रपट ठरला की चाहते विचारत : ध्वनिमुद्रण कुठे होणार? यात आवाजाच्या दर्जाचा भाग आहेच. उत्तम स्कोअरिंग स्टेज जगात मोजक्या. ‘सैराट’च्या वेळी अजय-अतुल कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्टेजवर गेले हे आपल्याकडेही कौतुकानं सांगितलं गेलं, ‘विझर्ड ऑफ ओझ’चं संगीत झालं तीच ही एमजीएमची जुनी वास्तू. पण त्या चाहत्यांची चिंता तबकडीच्या लांबीची असे. अमेरिकन वादक संघटनेच्या नियमाप्रमाणे चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत तबकडीवर काढायचं तर वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागत. वादक शंभर असतील तर छोट्या कंपनीचं कंबरडंच मोडे. त्यामुळे व्हारेज साराबांदसारख्या कंपन्या लॉस एंजेलिसमधल्या स्कोअरचा तीसेक मिनिटांचा अर्क काढून विकत. चाहत्याला आवडलेला तुकडा हमखास त्यात नसे. वादक लंडनचे किंवा बुडापेस्टचे असतील तर हा भुर्दंड टळे.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ‘लायनहार्ट’. शाफ्नरचा १९८७ चा चित्रपट, लहान मुलांच्या धर्मयुद्धाची कथा, संगीत बुडापेस्टमध्ये केलेलं. चित्रपट अमेरिकेत धड लागलाही नाही. संगीताचे मात्र दोन खंड निघाले. चित्रपट पाहिलेल्यांपेक्षा त्याचं संगीत ऐकलेले लोक जास्त असावेत, असा माझा संशय आहे.

यातून चाहत्यांच्या चर्चेतला सगळ्यात जुना वाद निघतो : आपल्या माणसानं वाईट चित्रपट घ्यावेत का? गोल्डस्मिथच्या बाबतीत हा वाद कधी मिटलाच नाही. मधमाश्यांच्या हल्ल्याचा ‘द स्वॉर्म’, ‘सुपरगर्ल’, विल्यम शॅटनरनं दिग्दर्शित केलेला पाचवा ‘स्टार ट्रेक’ : चित्रपट म्हणून यांची बाजू घेणं कठीण, आणि संगीत म्हणून त्यांच्यावर बोट ठेवणं कठीण. पुढचं नाव एखाद्या फुटकळ विनोदी चित्रपटाचं निघालं की अर्धे चाहते हळहळत, ‘तिकडे विल्यम्सला स्पीलबर्ग मिळतो आणि आमच्याला हे!’ उरलेले म्हणत, काम मिळतंय ना, लिहितोय ना, बास. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. वर्षाला चार-पाच चित्रपट करणारा माणूस चांगल्या पटकथेची वाट बघत बसला असता तर ‘चायनाटाउन’च्या दहा दिवसांत लागणारा हात त्याच्याकडे राहिला असता का, याची मला शंका आहे. शिवाय कमकुवत चित्रपट संगीतकाराला मोकळं रान देतो. दृश्यात जे नाही ते त्याला संगीतात घालावं लागतं, आणि कोणी अडवायला येत नाही.

गोल्डस्मिथ गेल्यावरही त्याच्या नावापुढची यादी बंद झाली नाही, फक्त तिचा प्रकार बदलला. वादक संघटनेच्या अटी सैल झाल्या, आणि इन्ट्राडा, ला-ला लँड यांसारख्या छोट्या कंपन्या जुन्या स्कोअरच्या संपूर्ण आवृत्त्या मोजक्या प्रतींत काढू लागल्या. ‘द सॅलमँडर’सारखं एखादं संगीत प्रागच्या वाद्यवृंदाकडून नव्यानं वाजवून घेतलं गेलं. स्टुडिओच्या तळघरात कोणती फीत सापडली, कोणती सडली, कोणत्या हक्कांवर कोण बसलंय, यावर आता तीच जुनी उत्साही चर्चा चालते.

जिवंतपणीच्या यादीतली शेवटची दोन नावं होती ‘लूनी ट्यून्स : बॅक इन अ‍ॅक्शन’ आणि ‘टाइमलाइन’. पहिला जो डांटेचा, दुसरा रिचर्ड डॉनरचा, म्हणजे ज्याच्या ‘द ओमेन’नं एकुलतं एक ऑस्कर मिळवून दिलं त्याचा. कागदावर याहून चांगलं काय असणार? ‘टाइमलाइन’चं संगीत गोल्डस्मिथनं पूर्ण केलं. पण चित्रपट पुन्हा कापला गेला, पुन्हा जोडला गेला, प्रदर्शन लांबलं. दृश्यं बदलली की त्यांच्या मापाचं संगीत निरुपयोगी होतं. नव्यानं लिहायला गोल्डस्मिथकडे वेळ नव्हता आणि तब्येत तर नव्हतीच. कर्करोग बळावला होता. काम तरुण ब्रायन टायलरकडे गेलं. ‘लूनी ट्यून्स’चा शेवटचा भागही जॉन डेबनीला लिहावा लागला. दोन्ही चित्रपट नोव्हेंबर २००३ मध्ये लागले, दोन्ही पडले. २१ जुलै २००४ रोजी गोल्डस्मिथ गेला.

टायलरवर चाहते खवळतील असं वाटलं होतं. थोडे खवळलेही. पण पुढे २००८ मध्ये चौथ्या ‘रँबो’चं काम टायलरकडे आलं तेव्हा त्यानं ‘फर्स्ट ब्लड’मधली गोल्डस्मिथची मूळ धून तशीच मध्यभागी ठेवली, आणि २०१२ मध्ये युनिव्हर्सलच्या शंभराव्या वर्षी त्या सलामीची नवी मांडणीही त्यानंच केली. ‘टाइमलाइन’साठी गोल्डस्मिथनं लिहिलेलं संगीत २००४ मध्ये स्वतंत्र तबकडी म्हणून आलं, टायलरचं त्याआधीच निघालं होतं. दोन्ही शेजारी ठेवून कोणाचं सरस यावर वाद घालणारे अजून भेटतात. माझं मत विचाराल तर त्या घाईगर्दीच्या चित्रपटाला टायलरचंच संगीत जास्त शोभतं, आणि ऐकायला मी गोल्डस्मिथचंच लावतो.